कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनातला डेडलॉक: याला सुरक्षेतलं भगदाड म्हणायचं का?

हळदगल्ली

नमस्कार मंडळी.

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका अडत पेढीचं संगणकाचं काम मी बघतो. एकच लिनक्स सर्व्हर आहे आणि सौद्याच्या नोंदी, वजनाच्या पावत्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या असं सगळं त्याच्यावरच चालतं. बरीच माणसं एकाच वेळी लॉगिन करून काम करतात.

हळदीचे सौदे जोरात सुरू असताना हा सर्व्हर अडकला. बंद पडला असं म्हणता येणार नाही, कारण पिंगला तो व्यवस्थित उत्तर देत होता. सीपीयू जवळजवळ रिकामा, तरी लोड अ‍ॅव्हरेज, म्हणजे कामांच्या रांगेची सरासरी, चढतच चाललेला. पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं की अर्धी यादी यायची आणि तिथेच थांबायची. जी प्रोसेस अडली होती तिला किल -९ (जबरदस्तीने बंद करायची आज्ञा) दिलं तरी ती हलेना. शेवटी बटण दाबून मशीन बंद-चालू केलं. लॉगमध्ये अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकला आहे, अशा ओळी होत्या.

नंतर आमच्या डिस्ट्रिब्युशनची सूचना वाचली. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरी व्यवस्थापनात डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं), सुरक्षा अपडेट, तीव्रता १० पैकी ५.५, म्हणजे मध्यम. पेढीचे मालक विचारतात, "चोरी झाली नाही, कुणी आत घुसलं नाही, मग हे सुरक्षेचं कसं? आणि हंगामात सर्व्हर बंद ठेवायची घाई कशाला?" त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. तुम्ही काय कराल?

कुपवाडकर

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच काम करतो. लक्षणं तंतोतंत डेडलॉकची आहेत. लिनक्समध्ये लोड अ‍ॅव्हरेज मोजताना नुसत्या पळणाऱ्या प्रोसेस धरत नाहीत, 'डी' स्थितीत झोपलेल्याही धरतात. म्हणून सीपीयू रिकामा आणि लोड चढता. 'डी' म्हणजे सिग्नल आला तरी न उठणारी झोप. किल -९ हाही सिग्नलच, तो रांगेत पडून राहतो.

मालकांना समजावायचं असेल तर उसाचा हंगाम आठवायला सांगा. मळ्यातल्या एकेरी रस्त्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आलेत, दोघांच्या मागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. दोघांची इंजिनं चालू, डिझेल भरपूर, बिघाड कुठेच नाही. तरी रस्ता बंद, आणि मागे येणारा प्रत्येक जण त्याच रांगेत.

बेदाणा_तासगाव

आमच्याकडं अशा वेळी दोन्हीकडची माणसं खाली उतरून आधी चहा घेत्यात, मग ठरवत्यात कुणाची ट्रॉली सोडवायची 😄

विश्रामबाग_७

दादा, कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमला हेच आहे. कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये चार अटी सांगितल्या. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातली न सोडता दुसरी मागितली जाते, कुणाकडून हिसकावून घेता येत नाही, आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ होतं. चारही एकत्र आल्या तरच डेडलॉक. पण हे इतकं जुनं आणि इतकं माहितीतलं आहे, तर कर्नल लिहिणाऱ्यांकडून अजून कसं राहून जातं? परीक्षेत तर दोन प्रोसेस आणि दोन संसाधनांची आकृती काढली की झालं.

मिरजकरीण

@विश्रामबाग_७, आकृतीत दोन लॉक, म्हणजे कुलपं, असतात. मेमरी व्यवस्थापनात डझनावारी असतात आणि त्यातले बरेचसे तुम्ही स्वतः मागितलेले नसतात, वाटेत आपोआप मागितले जातात. गोम तिथेच आहे. मी अनेक वर्षं कर्नलवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांच्या नकाशाला एक मोठं कुलूप असतं, एमएमॅप लॉक. २०२० मध्ये ५.८ आवृत्ती येईपर्यंत त्याला एमएमॅप सेम म्हणत. हे वाचक-लेखक प्रकारचं आहे. नकाशा नुसता वाचायचा असेल तर अनेक जण एकदम आत जाऊ शकतात. बदलायचा असेल तर एकटाच, आणि तेव्हा बाकी सगळे बाहेर. वाचकांची रीघ लागली तर लेखकाला कधीच संधी मिळणार नाही, म्हणून नियम असा की लेखक रांगेत उभा राहिला की नंतर आलेले वाचक त्याच्या मागे थांबतात. नियम न्याय्य आहे, पण त्यातून काय घडतं बघा.

एकाच प्रोसेसचे दोन धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं) घ्या. पहिल्याने वाचनासाठी कुलूप घेतलं आणि कर्नलमधलं काहीतरी काम सुरू केलं. दुसऱ्याला मेमरीचा एक तुकडा परत करायचा आहे, म्हणजे नकाशा बदलायचा आहे, म्हणून तो लेखक होऊन रांगेत उभा राहिला. आता पहिल्याने, कुलूप हातात असतानाच, वापरकर्त्याच्या एका पत्त्यावर उत्तर लिहायला घेतलं. मेमरीचा तो ठराविक आकाराचा तुकडा, म्हणजे पान, मेमरीत नव्हतं. पेज फॉल्ट झाला. फॉल्ट सोडवणाऱ्या कोडला नकाशा वाचायचा आहे, म्हणून त्याने तेच कुलूप पुन्हा वाचनासाठी मागितलं. पुढे लेखक उभा आहे, त्यामुळे हा त्याच्या मागे. लेखक पहिल्याची वाट बघतोय आणि पहिला लेखकाची. आता रीबूटपर्यंत दोघेही तिथेच.

या कोडमध्ये दुसऱ्यांदा कुलूप मागितल्याचं कुठेही दिसत नाही. दिसते ती वापरकर्त्याच्या मेमरीत काही बाइट उतरवणारी एक साधी ओळ. तपासणाऱ्याच्या नजरेतून ती सहज सुटते. शिवाय पान नेमकं मेमरीबाहेर असणं आणि लेखक नेमका त्याच क्षणी येणं, दोन्ही जुळल्याशिवाय काही होत नाही. म्हणून चाचणीत सगळं हिरवं दिसतं आणि पेढीवर हंगामात अडकतं, कारण तेव्हा गर्दी असते आणि मेमरीची ओढाताणही.

निवृत्त_मास्तर

ताई, इतकं स्वच्छ मराठीत वाचायला मिळालं, फार बरं वाटलं. मी गणित शिकवलं, संगणक नाही, तरी शेवटपर्यंत आलो. एक शंका आहे. अडकली ती एक प्रोसेस. मग हळदगल्ली यांचा पीएस का अडकला? तो तर वेगळा कार्यक्रम ना?

मिरजकरीण

मास्तर, नेमकं विचारलंत. पीएस प्रत्येक प्रोसेसची पूर्ण कमांड लाइन दाखवतं. ती ओळ त्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असते. ती वाचायची तर त्या प्रोसेसचं एमएमॅप लॉक वाचनासाठी घ्यावं लागतं, आणि तिथे लेखक आधीच रांगेत आहे. म्हणून पीएस अर्धी यादी छापून थांबतं, आणि देखरेखीच्या ज्या स्क्रिप्ट आतून पीएस चालवतात त्याही एकेक करून तशाच थांबतात.

@हळदगल्ली, पुन्हा असं झालं तर पीएसकडे पूर्ण कमांड लाइन मागू नका. प्रोसेसचा क्रमांक, स्थिती आणि छोटं नाव एवढंच मागा. त्याला हे कुलूप लागत नाही. अडकलेला क्रमांक मिळाला की रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून प्रॉक या प्रोसेसची माहिती देणाऱ्या फोल्डरमधली त्या क्रमांकाची स्टॅक फाइल वाचा. कुठल्या फंक्शनमध्ये थांबलंय ते कळतं.

आमराई

सगळं मान्य, पण मूळ मुद्द्यावर मी मालकांच्या बाजूने आहे. हा बग आहे, भगदाड नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत कर्नलवाल्यांनी सीव्हीई क्रमांक (सुरक्षेतल्या दोषांना दिले जाणारे जाहीर क्रमांक) स्वतः द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हजारो क्रमांक निघालेत. जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक. सगळंच सुरक्षेचं म्हटलं तर खरं गंभीर काय ते शोधायचं कसं? डर्टी काऊ आठवा, २०१६. तोही मेमरी व्यवस्थापनातलाच दोष होता, पण त्यातून साधा वापरकर्ता रूट होत होता. तो २००७ पासून कर्नलमध्ये होता आणि कळल्यावर सगळे रात्रीतून पॅच लावत होते. त्याच्या शेजारी हा डेडलॉक ठेवू नका. बरं, मुद्दाम अडकवणाऱ्याने अडकवली ती स्वतःचीच प्रोसेस. त्यात दुसऱ्याचं काय गेलं?

कुपवाडकर

दुसऱ्याचं काय गेलं ते मिरजकरीण ताईंनी वरच लिहिलंय, देखरेख गेली. आमच्याकडे देखरेख थांबली की काही तासांत डिस्क भरते आणि कुणाला पत्ता नसतो.

शिवाय सगळेच डेडलॉक एका प्रोसेसपुरते राहत नाहीत. फाइलसिस्टिमचं उदाहरण घ्या. फाइलसिस्टिमने स्वतःचं कुलूप घेतलंय आणि थोडी मेमरी मागितली. मेमरी शिल्लक नाही. मग मेमरी मोकळी करणारा कोड न लिहिलेली पानं डिस्कवर लिहायला निघतो, त्यासाठी त्याच फाइलसिस्टिमला हाक मारतो आणि तेच कुलूप मागतो. स्वतःच स्वतःची वाट बघणं झालं. अशा जागी मेमरी मागताना 'फाइलसिस्टिमकडे जाऊ नकोस' असं सांगणारा जीएफपी नोएफएस हा झेंडा लावावा लागतो. कुठे लावायचा हे प्रत्येकाने लक्षात ठेवणं अवघड, म्हणून २०१७ मध्ये ४.१२ पासून कोडच्या अख्ख्या पट्ट्याला ती खूण लावायची सोय आली. एका ठिकाणी जरी ती राहिली तरी त्या डिस्कवर लिहिणारा प्रत्येक जण अडकतो. तिथे 'माझी प्रोसेस, तुझी प्रोसेस' उरत नाही.

बेदाणा_तासगाव

मला एक सांगा, मेमरी संपली तर एखादी प्रोसेस मारून टाकायची सोय आहे की कर्नलात. ओओएम किलर. मग अडकतंय कशापायी? मारा की एकाला.

मिरजकरीण

ज्याला मारायचं तोच कुलपासाठी थांबलेला असेल तर मरणार कसा, दादा? मरण्यासाठी त्याला आधी जागं व्हावं लागतं, मग त्याची मेमरी सुटते.

हा प्रश्न फार वर्षं छळत होता. कर्नलमध्ये छोटी मागणी, म्हणजे सलग ८ पानांपर्यंतची, ४ केबीच्या पानांत ३२ केबी, सहसा नाकारलीच जात नाही. मिळेपर्यंत कर्नल पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो. आता एकाने कुलूप धरून अशी मागणी केली आहे. मेमरी नाही म्हणून ओओएम किलरने दुसऱ्याला निवडलं. तो दुसरा त्याच कुलपापाशी झोपलाय. पहिला मेमरी मिळेपर्यंत कुलूप सोडत नाही, दुसरा कुलूप मिळेपर्यंत मेमरी सोडत नाही. २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत मिखाल होको यांचा ओओएम रीपर आला. तो वेगळा कर्नल धागा आहे. मारायच्या प्रोसेसने उठायची वाट न बघता तिची मेमरी तो बाहेरून काढून घेतो. त्यालाही एमएमॅप लॉक लागतं, पण तो थांबून राहत नाही. काही वेळा प्रयत्न करतो, नाही मिळालं तर ती प्रोसेस सोडून देतो, मग किलर दुसरा बळी शोधतो. विश्रामबागच्या भाषेत सांगायचं तर कॉफमनची तिसरी अट इथे मोडली, मेमरी हिसकावून घेता येऊ लागली.

@आमराई, डर्टी काऊच्या शेजारी हे ठेवू नये हे मलाही मान्य आहे आणि ५.५ हा आकडा तेच सांगतो. हल्ला करायला मशीनवर आधी साधं लॉगिन हवं, गुप्तता शून्य गेली, अखंडता शून्य गेली, उपलब्धता पूर्ण गेली. हे सगळं सूत्रात घातलं की ५.५ येतात. पण 'मुद्दाम कोण करणार, दोन गोष्टी जुळायला नशीब लागतं' असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. पेज फॉल्ट हवा तितका वेळ रोखून धरायची साधनं आहेत. यूझरफॉल्टएफडी त्यातलंच एक. ते हाताशी असेल तर दोन क्षण जुळायची वाट बघावी लागत नाही, ते जुळवता येतात. म्हणूनच ५.११ पासून कर्नलच्या आत होणारे फॉल्ट साध्या वापरकर्त्याने असे रोखणं मुळात बंद ठेवलंय.

हरिपूर_घाट

धागा वाचतोय, तांत्रिक मला फारसं कळत नाही. पण 'चोरी झाली नाही तर सुरक्षेचं कसं' यावर सांगलीकर म्हणून लिहावंसं वाटलं.

पावसाळ्यात आम्ही सगळे आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघून झोपतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. समजा पातळी दाखवणारं यंत्र अडकलं आणि पडदा रात्रभर ३८ वरच राहिला. आकडा कुणी चोरला नाही, कुणी बदललाही नाही. पण त्या आकड्याच्या भरवशावर नदीकाठचं एखादं घर जनावरं न सोडता झोपलं तर? २०१९ चा महापूर ज्यांनी अंगावर काढलाय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. वेळेवर न मिळालेली माहिती ही आमच्यासाठी सुरक्षेचीच गोष्ट आहे.

निवृत्त_मास्तर

हरिपूर_घाट, अगदी बरोबर. मालकांना हेच वाचून दाखवा.

आमराई

@हरिपूर_घाट, उपलब्धतेचा मुद्दा पटला. तरी माझं एवढं म्हणणं कायम आहे की ज्या मशीनवर एकच विश्वासू माणूस लॉगिन करतो तिथे हा ५.५ आणि जिथे शंभर अनोळखी माणसं करतात तिथला ५.५ सारखा नाही. आकडा बघून धावत सुटू नका, आपल्या मशीनवर कोण येतं ते आधी बघा.

मिरजकरीण

याच्याशी शंभर टक्के सहमत. कॉलेजची प्रयोगशाळा, भाड्याने दिलेला होस्ट, कंटेनर चालवणारी कुठलीही जागा, तिथे हे आधी हाताळायचं. कंटेनर वेगळे दिसतात पण कर्नल एकच असतो, एकाने अडकवला तर शेजारचेही अडकू शकतात. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो, तिथे नुकसान सहसा आतल्या आत राहतं.

विश्रामबाग_७

ताई, मग चौथी अट? वर्तुळ होऊच द्यायचं नाही, म्हणजे सगळ्यांनी कुलपं एकाच क्रमाने घ्यायची, असं आम्हाला शिकवलंय. कर्नलमध्ये तो क्रम कुठे लिहिलेला असतो का?

मिरजकरीण

असतो. एमएम फोल्डरमधली आरमॅप डॉट सी उघड, अगदी वर टिप्पणीतच पूर्ण उतरंड दिली आहे. आधी आयनोडचं (फाइलच्या नोंदीचं) कुलूप, मग एमएमॅप लॉक, मग खाली उतरत पानाचं कुलूप वगैरे. फाइलमॅप डॉट सी मध्येही तसंच. पण टिप्पणी वाचून माणूस चुकणार नाही असं थोडंच आहे. त्यासाठी लॉकडेप आहे. इंगो मोल्नार यांचं काम, २००६ मध्ये २.६.१८ बरोबर आलं. त्याला डेडलॉक प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. कधीतरी एकाने अ नंतर ब घेतलं आणि दुसऱ्या कुणी, दुसऱ्या दिवशी, ब नंतर अ घेतलं, एवढं दिसलं तरी ते ओरडतं. वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावणाऱ्या जागांवरही तशी खूण पेरलेली आहे. तिथे फॉल्ट झाला नाही तरी 'झाला असता तर हे कुलूप मागितलं असतं' असं ते धरून चालतं. मला कर्नलमधल्या साधनांमध्ये सगळ्यात जास्त आदर याचा वाटतो. मात्र त्याने वेग बराच उतरतो, म्हणून रोजच्या वापराच्या कर्नलमध्ये ते बंद असतं.

हळदगल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा मालकांना वाचून दाखवला. पुराचा मुद्दा आल्यावर त्यांनी पुढे विचारलंच नाही. आमच्याकडे हंगामात बाहेरचे हमाल-मापाडी आणि तात्पुरते कारकूनही त्याच मशीनवर येतात, म्हणजे आमराई म्हणतात ते बघूनही अपडेट करायलाच हवं.

दोन गोष्टी विचारतो. मशीन न थांबवता लाइव्ह पॅच, म्हणजे चालू कर्नलमध्येच दुरुस्ती, लावता येईल का? आणि पुन्हा अडकलं तर आपोआप रीबूट होईल असं करावं का?

कुपवाडकर

लाइव्ह पॅच ४.० पासून कर्नलमध्ये आहे, पण कुलपांच्या क्रमाच्या दुरुस्तीला तो सोयीचा नाही. जो टास्क जुन्या फंक्शनच्या आत झोपलाय तो बाहेर पडेपर्यंत बदल पूर्ण होत नाही, आणि डेडलॉकमधला टास्क तर बाहेर पडतच नाही. सरळ नवा कर्नल टाका आणि रीबूट करा.

आपोआप रीबूट करता येतं. अडकलेला टास्क दिसला की पॅनिक (कर्नलने स्वतःहून थांबणं), आणि पॅनिकनंतर काही सेकंदांनी रीबूट, अशा दोन सेटिंग आहेत. पण डिस्क संथ असेल तर निरोगी टास्कही १२० सेकंद थांबू शकतो आणि भर सौद्यात मशीन उगाच बसेल. तुमच्याकडे मी ती सेटिंग लावणार नाही. त्याऐवजी लॉगमधली ती ओळ आली की मोबाइलवर संदेश येईल असं करा. आणि एक ध्यानात ठेवा, ती ओळ मुळात १० वेळाच छापली जाते, त्यानंतर कर्नल गप्प बसतो. अडकलेल्या अवस्थेत रीबूटआधी कीबोर्डवरच्या सिसआरक्यू आणि डब्ल्यू या कळा वापरून सगळ्या अडकलेल्या टास्कचे स्टॅक लॉगमध्ये उतरवून घ्या. बटण दाबलंत की पुरावा गेला.

हळदगल्ली

ठरलं. रविवारी सौदे नसतात, तेव्हा करतो. आधी पेढीतल्या जुन्या डेस्कटॉपवर हाच कर्नल दोन दिवस चालवून बघतो, आणि बूटच्या यादीत जुना कर्नल ठेवतोच.

बेदाणा_तासगाव

रविवारी सांगलीतच आहे. भडंग घेऊन येतो पेढीवर. तेवढंच शिकायला मिळंल.

विश्रामबाग_७

मिरजकरीण ताई, मला हे स्वतः करून बघायचंय. कुठून सुरुवात करू?

मिरजकरीण

व्हर्च्युअल मशीन घे, कर्नल स्वतः बांध, त्यात प्रूव्ह लॉकिंग हा पर्याय चालू कर. मग सिझबॉटने (कर्नलमधले दोष आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेने) जाहीर केलेले मेमरी व्यवस्थापनातले अहवाल उघड. त्यातल्या बऱ्याच अहवालांसोबत दोष पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्राम दिलेला असतो. दोष असलेल्या आवृत्तीवर तो चालव. लॉकडेपचा इशारा आला की घाईने पुढे जाऊ नकोस, दोन्ही स्टॅक कागदावर शेजारी शेजारी लिही आणि कोणतं कुलूप कुठे घेतलं ते बोटाने जुळव. पहिला इशारा दिल्यावर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं, त्यामुळे पुढचा प्रयोग करण्याआधी मशीन रीबूट कर. अडलास तर स्टॅक इथेच टाक, मी बघते.